वीस पेशंट म्हणजे किती काम?

मी हैदराबादेत राहतो आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. सध्या आमच्या टीमपुढे एक प्रश्न आहे: केस मॅनेजर नर्सवर कामाचा भार किती, हे आकड्यांत कसं दाखवायचं?

ही नर्स इंजेक्शन देत नाही. पेशंट कधी घरी जाणार, घरी की आणखी कुठे, खर्च कोण देणार, हे सगळं ती जुळवते. 1983 मध्ये मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने रुग्णालयांना आजारानुसार ठरावीक रक्कम द्यायचं ठरवलं. पेशंट जास्त दिवस राहिला तर भुर्दंड रुग्णालयाला. तेव्हापासून या कामाचं महत्त्व वाढत गेलं.

कॅलिफोर्नियात वॉर्डातल्या नर्ससाठी नियमाने प्रमाण ठरलेलं आहे: आयसीयूत दोन पेशंटमागे एक नर्स, साध्या वॉर्डात पाचांमागे एक. केस मॅनेजरसाठी असा आकडा नाही. मग सोपा मार्ग उरतो, तिच्या यादीतली डोकी मोजण्याचा.

पण समजा, दोघींकडे वीस-वीस पेशंट आहेत. एकीचे बरेचसे गुडघा बदलून मुलांकडे जाणारे. दुसरीच्या यादीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. त्यांना काही आठवडे नर्सिंगची सोय असलेल्या केंद्रात पाठवायचं, तर मेडिकेअरच्या मूळ योजनेत आधी तीन दिवस रीतसर भरती लागते. नुसतं देखरेखीखाली ठेवलेले दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे कागद तपासा, डॉक्टरांना गाठा, जागेसाठी चार ठिकाणी फोन करा, नातेवाइकांना समजवा. आमच्या डेटाबेसमध्ये शेवटी दिसतं एवढंच: 'जागा मिळाली.' फोन कानाला लावून घालवलेला पाऊण तास कुठेच नसतो.

मिनिटामिनिटाची नोंद करायला लावली, तर तेच आणखी एक काम. म्हणून आम्ही आधीच होणाऱ्या नोंदी वापरतो: आज नवे किती आले, किती जाणार, विम्याची मंजुरी कुणाची अडली, घरी एकटं कोण राहतं. कशाला किती वजन द्यायचं, ते नर्सनाच विचारतो. येणारा आकडा अंदाजच, पण वीस बरोबर वीस म्हणण्यापेक्षा बरा. कारण त्या आकड्यावरून माणसं नेमली जातात. माणसं कमी पडली, की घाईत घरी पाठवलेली म्हातारी पुन्हा भरती होऊ शकते.

आपल्याकडे यातलं बरंचसं काम घरचं माणूस करतं. गेल्या वर्षी आजी दवाखान्यात होती. विम्याच्या काउंटरवर उभं राहणं, गोळ्यांच्या वेळा लिहून घेणं, वॉकर भाड्याने आणणं, रात्रीसाठी बाई शोधणं, सगळं आईने केलं. फॅमिली ग्रुपवर तिचा मेसेज मात्र दोनच शब्दांचा: 'डिस्चार्ज मिळाला.'

तुमच्या घरी कुणी भरती असेल, तर पहिल्याच दिवशी कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा. विमा एकाकडे, औषधं दुसऱ्याकडे, रात्रीची सोय तिसऱ्याकडे. यादी लांब निघेल. ती वाचल्यावर हे सगळं एकट्या आईवर टाकायची कुणाची हिंमत होणार नाही.