तुळजापूरच्या दप्तरातील आजोबांची जमीन

सोलापूरहून निघालेली गाडी बालाघाटाचा डोंगर चढू लागली की तुळजापूर जवळ आले म्हणून समजावे. यात्रेकरू गोमुख तीर्थावर हातपाय धुतात, भवानीमातेचे दर्शन घेतात आणि परततात. तालुक्यातल्या शेतकऱ्याचे मात्र याच गावी आणखी एक काम असते, ते तहसील कचेरीत. आपल्या वाडवडिलांच्या जमिनीचा ठावठिकाणा तिथल्या दप्तरात असतो.

हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथले जुने कागद उर्दूत सापडतात, काही मोडीतही असतात. सातबाऱ्यावरून मागे मागे जाताना फेरफार लागतो, मग 1954-55 च्या सुमाराचे खासरा पत्रक आणि त्याही आधीची सेतवार. ज्याच्या नावे सरकारदरबारी जमीन, तो 'पट्टेदार'.

कागदावर 1345 साल दिसले म्हणून दचकू नये. ते फसली साल आहे. त्यात साधारण 590 मिळवावेत, म्हणजे झाले 1935. लिपी अनोळखी असली तरी शब्द आपलेच आहेत. खरीप, रब्बी, तहसील, वारस हे सारे शब्द त्याच वाटेने आपल्या घरात आले.

देवीच्या गावात इनामाचा प्रश्नही निघतोच. पूजाअर्चा, दिवाबत्ती अशा सेवेसाठी पूर्वी जमिनी दिल्या जात. देवस्थान इनाम वहिवाटणारा तिचा मालक ठरत नाही, आणि शासनाच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. म्हणून जमीन घेण्याआधी ती मुळात इनामाची तर नाही ना, हे जुन्या कागदावर पाहावे.

शोध कसा घ्यावा? आधी चालू सातबारा आणि आठ-अ काढावा. त्यावरचे फेरफार क्रमांक टिपून एकेकाची नक्कल मागावी. मोजणीचे कागद भूमि अभिलेख कचेरीत आणि खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे मिळतात. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, पण मालकीचा वाद निघाला तर मूळ खत आणि वारसा पाहावा लागतो.

2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा अशा जुन्या दप्तरांची गाठोडी पुन्हा सुटली. ज्यांच्या घरी एखादा पिवळा कागद जपलेला होता, त्यांना निदान शोधाची दिशा तरी मिळाली.

मंडळी, भाऊबंदकीचे निम्मे तंटे नाव राहून गेल्याने वाढतात. कुठे चुलत्याचे राहते, कुठे आत्याचे. घरातली जाणती माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून वंशावळ लिहून घ्या, आणि लेकींची नावे तीत वगळू नका. पुढच्या खेपेला देवीला आलात तर ती वही बरोबर घ्या आणि कचेरीची एक चक्कर करा.