नावेचा भूमार्ग

आपला अहिल्यानगर जिल्हा सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्रापासून दूर वसलेला आहे. येथील विद्यार्थ्यास नाव म्हटली की बहुधा भूगोलाच्या पुस्तकातील चित्रच आठवते. तथापि नावेशी आपला संबंध मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण, राहुरीकडील मुळा धरण आणि शेवगाव-नेवाशाच्या शिवारापर्यंत पसरलेला जायकवाडीचा नाथसागर ह्यांच्या पाण्यावर कित्येक कुटुंबे मासेमारी करून पोट भरतात. शिवाय गोदामाई कोपली म्हणजे नावेवाचून गत्यंतर नसते. ऑगस्ट 2019 मध्ये कोपरगाव व पुणतांबे परिसराने तिचा तो कोप पाहिला आहे.

त्या पुरानंतर काठावरील एका लहानशा गावच्या तरुणांनी वर्गणी जमविली आणि कोकण किनाऱ्यावरून फायबरची एक जुनी होडी विकत घेतली. त्यांत आमचे काही माजी विद्यार्थी असल्यामुळे ती आणावयास मीही गेलो. जीपच्या मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडून, माळशेज घाटाने आळेफाटा, तेथून संगमनेर व तळेगाव दिघे ह्या मार्गाने होडी गोदावरीस न्यावयाची होती.

होडी विकणारा वृद्ध तांडेल निघण्यापूर्वी तिच्या अंगावरून हात फिरवीत म्हणाला, "गुरुजी, लाटेची हिला सवय आहे. भीती आहे ती तुमच्या रस्त्याची." त्या वेळी हे शब्द मला मायेचे वाटले, त्यांतील शास्त्र पुढे कळले. फायबरची होडी म्हणजे काचेच्या तंतूंचे थरावर थर राळेने जोडून केलेले कवच होय. त्यावर बाहेरून एक गुळगुळीत, पातळ लेप असतो. आपल्याकडील काळ्या दगडाची खडी धारदार असते. तिचा एक तुकडा वेगाने येऊन आदळला की त्या लेपाचा टवका उडतो. टवका दिसावयास नखाएवढा. परंतु होडी पाण्यात राहिली म्हणजे तेथून ओल आतील थरांत शिरते व कवच हळूहळू दुबळे होते. पुराच्या दिवशी त्या कवचात दहा जीव बसावयाचे असतात!

हे खडे येतात कोठून? समोरून धावणाऱ्या मोटारींचे काही असतात, हे खरे. परंतु होडीच्या नाळेस, म्हणजे पुढील निमुळत्या भागास व खालच्या अंगास जे खडे लागतात, त्यांतील पुष्कळ तिला ओढणाऱ्या गाडीच्याच मागील चाकांनी उडविलेले असतात. आमच्या जीपचा चालक हे पुरते जाणून होता. खडी फोडण्याच्या यंत्रावरील टाकून दिलेला रबरी पट्टा त्याने आणला होता. जीपच्या मागे, ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, जमिनीच्या वर वीतभर अंतरापर्यंत त्याचा पडदा त्याने टांगला. वाऱ्याने तो मागे उडू नये म्हणून खालच्या कडेस लोखंडी पट्टी बसविली. जो पट्टा आयुष्यभर खडी वाहत होता, तोच आता खडीला आडवा आला, ह्याचे मला कौतुक वाटले.

मग होडी आतून-बाहेरून धुतली. मी कारण विचारता तो म्हणाला, "धूळ राहू दिली आणि वर ताडपत्री टाकली, तर शंभर कोस पॉलिश-कागदच घासत न्यायचा!" ताडपत्रीही त्याने इतकी आवळून बांधली की तिला फडफडण्यास जागा राहिली नाही. नाळेवर काथ्याची चटई आली. दोऱ्या जेथे कडेवर घासणार तेथे जुन्या ट्यूबचे तुकडे आले. पहिल्या काही मैलांवर थांबून त्याने सर्व गाठी पुन्हा तपासल्या.

तळेगावच्या पुढे उसाने लादलेला एक ट्रॅक्टर आमच्या पुढे लागला. त्याच्या चाकांखालून मुरूम व वाढ्याचे तुकडे उडत होते. एक तरुण उतावीळपणे म्हणाला, "दादा, घाला की पुढे!" चालकाने उलट वेग कमी करून अंतर वाढविले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास ह्याचे मर्म सांगावयास नको. खडा आणि होडी परस्परांवर ज्या वेगाने येतात त्याच्या वर्गाच्या प्रमाणात आघाताची ऊर्जा वाढते. तो वेग निम्मा झाला म्हणजे ती चौथाईवर येते. 1453 साली तुर्की सुलतान मेहमद ह्याने आपली गलबते चरबी माखलेल्या ओंडक्यांवरून, बैलांच्या व माणसांच्या बळावर, डोंगर ओलांडून कॉन्स्टँटिनोपलच्या बंदरात उतरविली. त्या मंद गतीत खडे उडण्याचे भय कोठून असणार? नोहाच्या तारवास तर आतून-बाहेरून डांबर लावले की काम झाले. पाणीच त्याच्याकडे चालून आले. आमच्या होडीला मात्र पाण्याकडे जावयाचे होते, आणि तेही मोटारीच्या वेगाने.

सायंकाळी गोदाकाठी पोहोचल्यावर पडदा उलटून पाहिला. त्यावर खड्यांचे शेकडो पांढरे ओरखडे उमटले होते. होडी पाण्यात लोटण्याची सर्वांस घाई झाली होती. परंतु चालकाने आधी तिच्या सर्वांगावरून तळहात फिरविला. उजव्या कुशीस एक टवका सापडला. तो भाग वाळवून, राळेचे लिंपण करून, ते कडक होईपर्यंत होडी दोन दिवस वडाखाली उभी राहिली आणि मगच ती पाण्यात उतरली.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्यास ओढून पुढे नेणे हे मोठे काम आहे. आम्हां शिक्षकांचे व तुमच्या वडीलधाऱ्यांचे ते नित्याचेच होय. परंतु ओढणाऱ्याच्या चाकांखालचे खडे मागच्यालाच लागतात. म्हणून जो ओढतो त्याने पडदाही बांधावा, आणि वेळप्रसंगी वेगही आवरावा. आज ना उद्या तुमच्याही मागे कोणाची तरी नाव जोडली जाईल; त्या वेळी ह्याचे स्मरण ठेवा.