दात वयाने पडत नाहीत

केस पिकतात, नजर कमी होते, गुडघे कुरकुरतात, तसेच दातही जायचेच, हे आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनी मान्य करून टाकलं आहे. हिरड्यांच्या आजारांवर उपचार करणं हे माझं काम, आणि ही समजूत मला कोणत्याही जंतूपेक्षा घातक वाटते. जे होणारच असं एकदा ठरलं, त्यासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. दात जातात ते आजाराने. त्या आजाराला वीस-तीस वर्षं मोकळं रान मिळतं आणि त्याचा हिशेब म्हातारपणी द्यावा लागतो, एवढाच वयाचा संबंध.

याबाबतचा सर्वांत बोलका अभ्यास श्रीलंकेच्या चहामळ्यांत झाला. हाराल्ड ल्यो या मूळच्या नॉर्वेतल्या दंतवैज्ञानिकाने सहकाऱ्यांसह १९७० मध्ये तिथल्या ४८० तमिळ मजुरांचे दात तपासायला सुरुवात केली. या मंडळींना ब्रश माहीत नव्हता, दातांचा डॉक्टर तर नाहीच नाही. सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. कीड मात्र जवळपास नव्हती, त्यामुळे जे दात गेले ते हिरड्यांपायीच गेले. पंधरा वर्षांच्या तपासण्यांनंतर मजुरांचे तीन गट पडले. सुमारे ८ टक्के लोकांचं दातांभोवतीचं हाड इतक्या वेगाने झिजलं की पंचेचाळिशीला तोंडात एकही दात उरला नाही. ८१ टक्के लोकांचा आजार मध्यम गतीने वाढला, त्यांचे त्या वयापर्यंत सातेक दात गेले. आणि ११ टक्के लोकांच्या हिरड्या सुजलेल्या असूनही आजार त्यापुढे सरकलाच नाही. मळा तोच, जेवण तेच, अस्वच्छताही तीच, तरी तिघांची गत वेगळी.

या निकालांचा माझ्या कामावर खोल परिणाम झाला. जंतूंचा थर हे कारण खरंच, पण त्या थराला प्रत्येकाचं शरीर कसं उत्तर देतं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. काही भाग रक्तात घेऊन आपण जन्माला येतो, तो बदलता येत नाही. म्हणूनच आई-वडिलांचे दात लवकर गेले असतील तर मी पेशंटला वर्षाऐवजी तीन-चार महिन्यांनी बोलावते. बदलता येण्यासारखं मात्र बरंच उरतं. ल्यो यांच्याच चमूने नॉर्वेतल्या पुरुषांनाही अनेक वर्षं तपासलं होतं. ज्या दातांभोवतीची हिरडी प्रत्येक तपासणीत निरोगी दिसली, त्यांतले ९९.५ टक्के दात उगवल्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनीही जागेवर होते. जिथे ती कायम सुजलेली होती, तिथे जेमतेम ६३ टक्के.

ही सूज दुखत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट, बारीक सळई मी दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद सरकवते. दोन-तीन मिलिमीटरवर ती थांबली की बरं वाटतं. साठीच्या अनेकांच्या मागच्या दाढेपाशी ती सहा-सात मिलिमीटर आत जाते, आणि बाहेर येते ती रक्त घेऊनच. पेशंट शांत असतो. "काही त्रास नाही हो, फक्त ब्रश करताना थोडं रक्त येतं." मग कित्येक जण ब्रश लावायचाच थांबवतात, म्हणजे जिथे सफाई सर्वांत जास्त हवी तिथेच ती बंद पडते. कीटण काढलं की दात हलायला लागतात, हाही पक्का समज आहे. हाड आधीच गेलेलं असतं. कीटण निघाल्यावर मोकळ्या फटी दिसतात आणि दोष आमच्यावर येतो.

दात हलायला लागल्यावर आलेल्या पेशंटची साखर मी आवर्जून तपासायला सांगते. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांमधली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोन्हींवर एकाच वेळी इलाज केला तरच गाडी रुळावर येते. तंबाखूचं त्याहून वाईट. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त फारसं येत नाही आणि आजाराची एकुलती एक खूणही लपून राहते.

आणि आपल्याकडची मिश्री. "मावशी, दिवसातून किती वेळा लावता?" "सकाळी, जेवल्यावर, आणि डोकं दुखलं की." उजव्या हाताची तर्जनी काळपट झालेली, कमरेच्या पिशवीत डबी. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली ही तंबाखू दात घट्ट करते, असं सासूने सांगितलेलं असतं, आणि नवऱ्याला विडी सोडायला सांगणारी हीच बाई मिश्रीला व्यसन मानत नाही. बोटाच्या घर्षणाने हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात, झिजतात. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. सोडायला सांगताना मी कधी रागावत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे, डोकं दुखणारच; ती सुटायला मदत लागते, बोलणी नाही.

उघड्या पडलेल्या मुळांवर म्हातारपणी वेगळीच कीड लागते. मुळाला वरच्या कठीण कवचाचं संरक्षण नसतं, त्यामुळे सौम्य आम्लातही ते विरघळू लागतं. त्यात रक्तदाब, नैराश्य, अ‍ॅलर्जी यांवरच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. तोंडाला कोरड पडली म्हणून गोड गोळी चघळायची, दिवसभर थोडा थोडा गोड चहा घ्यायचा, आणि वर्षभरात हिरडीलगत चार-पाच दात तपकिरी, मऊ. म्हणून ज्येष्ठांनी सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन यावं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर दात काढण्याआधी ते मला कळायलाच हवं. काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही.

आजाराइतकाच पैशाचाही यात हात आहे. दाढ काढायला काहीशे रुपये, रूट कॅनॉल करून वर टोपी बसवायला काही हजार. मुलगा द्यायला तयार असतो, पण आजीच म्हणतात, "माझ्यावर कशाला खर्च, काढूनच टाका." माझ्या पाहण्यातले बहुतेक दात आपसूक पडलेले नाहीत, असे काढलेले आहेत. एक दाढ गेली की समोरची त्या जागेत उतरते, शेजारच्या कलतात, फटीत अन्न अडकतं. पुढे भाकरी, शेंगदाणे, काकडी, मोडाची उसळ सुटते आणि चहा-बिस्किट उरतं; त्याने उरलेल्या दातांचीही वाट लागते.

जपानने १९८९ मध्ये ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात, अशी मोहीम सुरू केली. तेव्हा त्या वयाच्या दहांतला एकही धड तिथवर पोहोचत नव्हता. २०१६ च्या पाहणीत निम्मे पोहोचले होते. ऐंशी वर्षांचं वय तेव्हाही तेवढंच होतं आणि नंतरही तेवढंच. स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावात ज्यांची नियमित सफाई आणि तपासणी झाली, त्यांचे तीस वर्षांत सरासरी दोन दातही गेले नाहीत. जे गेले ते बहुतांशी मुळाला तडा गेल्याने.

आपल्याकडे अशी मोहीम होईपर्यंत घरोघरी करण्यासारखं एक काम आहे. हात थरथरतो किंवा बोटं आखडली आहेत अशा माणसाला मऊ ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड मूठ करून द्या. दातांमधल्या रुंद फटींसाठी बारीक ब्रश मिळतात, ते वापरायला शिकवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची अंघोळ, औषधं, जेवण याची वाटणी घरात झालेली असते. तोंड कोण साफ करणार हे मात्र ठरलेलं नसतं. तोंडातले जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. तेव्हा रात्री कवळी काढून ब्रशने धुवायची आणि पाण्यात ठेवायची, माणसाला कुशीवर वळवून उरलेले दात फ्लोराइडच्या पेस्टने घासायचे, हे मदतीला येणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी करून दाखवा.