शब्दाचा टंच

आयटीत 'हो' या शब्दाचे किती प्रकार आहेत याची एकदा यादीच करायला हवी. 'होऊन जाईल' म्हणजे अजून हात लावलेला नाही. 'ऑलमोस्ट डन' म्हणजे अवघड भाग तेवढा राहिलाय. 'ईओडीपर्यंत देतो' यातला दिवस नक्की कुठला, ते कुणी विचारत नाही. आणि 'ट्राय करतो' म्हणजे सरळसरळ नाही, फक्त इस्त्री केलेलं. गंमत म्हणजे ऐकणाऱ्यालाही हे सगळं ठाऊक असतं. त्यामुळे मॅनेजर आपल्या तारखेत दोन दिवस घालून क्लायंटला सांगतो, क्लायंट मनात अजून दोन दिवस धरतो, आणि सगळ्यांचं बरं चाललेलं असतं. खोटं असं कुणीच बोलत नाही. फक्त प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं थोडं तांबं मिसळलेलं असतं.

सोन्या-तांब्याची भाषा आली, कारण मी विट्याचा. विटा म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं गाव. मुलूख दुष्काळी. शेतीवर भागेना म्हणून इथली आणि आटपाडीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश-पंजाबपर्यंत सराफ बाजारात जा, कुठल्या तरी बोळात विटा भागातला माणूस मूस घेऊन बसलेला सापडायचा. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे काका-मामा 'बाहेर' असायचे, आणि बाहेर म्हणजे गलाईला हे सांगावं लागायचं नाही.

या धंद्याचं मर्म मला इंजिनिअरिंग झाल्यावर नीट कळलं. सोनाराने आणलेलं जुनं मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं. त्यात साधारण तिप्पट चांदी घालायची, मग नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचं. चांदी नि तांबं विरघळून जातं, सोनं खाली राहतं. ते पुन्हा वितळवून लगड करायची. ॲसिडात गेलेली चांदी नंतर तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळवायची. आता यात बघा, बांगडी एकदा मुशीत गेली की ती कुणाची होती ते बांगडीलाही सांगता येणार नाही. घट किती आली, टंच किती निघाला, हे गलाईवाला सांगेल ते. परक्या मुलखात, परक्या भाषेत, ओळखदेख नसताना लोकांनी किलोकिलोने सोनं ज्यांच्या हातात दिलं, त्यांचं भांडवल काय होतं? मूस आणि शब्द. त्यातली मूस कुणालाही मिळते.

आता आमचं घर ख्रिस्ती. विट्यात आमच्यासारखी घरं थोडीच. आजी म्हणायची, "पोरा, आपल्याकडं चार लोक बघत्यात. आपण चुकलो तर नाव येशूचं जातं." लहानपणी मला हे ओझं वाटायचं. बाकीच्या पोरांनी थाप मारली तर ती त्यांची थाप, आपण मारली तर अख्ख्या चर्चची! शिवाय गलाईवाली मंडळी काही ख्रिस्ती नव्हती, तरी शब्दाला जागत होतीच. प्रामाणिकपणाचा मक्ता आमच्याकडे नाही. मग ख्रिस्ती असण्याने नक्की फरक काय पडतो? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता. त्याला धार आली ती नोकरीत.

तीन वर्षांपूर्वी मी बेंचवर होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेंच म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि रोज सकाळी पोटात गोळा.) एक चांगला प्रोजेक्ट आला. क्लायंटला पाच वर्षं अनुभवाचा माणूस हवा होता, माझी झाली होती तीन. मला सांगण्यात आलं, "प्रोफाइलमध्ये पाच लिही. टेक्निकली तू करशीलच की." मी म्हणालो, सर, तीनच लिहितो, बाकी इंटरव्ह्यूत बघू देत त्यांना. त्यावर उत्तर आलं, "अरे, सगळेच करतात. तू काय राजा हरिश्चंद्र लागून गेलास?"

पुढे काय झालं ते सांगतो, कारण अशा गोष्टींचा शेवट लोक गोड करून सांगतात. माझं प्रोफाइल पाठवलंच नाही. मी अजून तीन महिने बेंचवर बसलो, त्या वर्षीचं रेटिंग गेलं. माझ्याइतक्याच अनुभवाच्या एका मित्राने पाच लिहिले, तो गेला, दोन महिन्यांत सगळं शिकला, क्लायंट खूश. मित्र माणूस म्हणून चांगला आहे, आजही आहे. आकाशातून वीज वगैरे काही पडली नाही. म्हणजे 'खऱ्याचा विजय' या सदरात माझी गोष्ट बसत नाही. असो.

पण त्या तीन रिकाम्या महिन्यांत वाचायला वेळ भरपूर होता. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनाचा भाग, मी तेव्हा नव्याने वाचला. त्यात येशू शपथेबद्दल बोलतो. त्या काळी म्हणे शपथांच्याही पायऱ्या असत, अमक्याची घेतली तर बंधनकारक, तमक्याची घेतली तर थोडी ढिली. थोडक्यात आपल्या 'ऑलमोस्ट डन'चीच जुनी आवृत्ती. येशू म्हणतो, शपथच घेऊ नका. साधा होकार आणि साधा नकार एवढ्यावर भागलं पाहिजे.

पहिल्यांदा वाचताना वाटतं, यात काय एवढं? मग लक्षात येतं. शपथ घेतल्यावर खरं बोलणं म्हणजे बाकीच्या वेळचं बोलणं वेगळ्या टंचाचं आहे हे आपणच कबूल करणं. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी सतराव्या शतकात नेमकं हेच धरून ठेवलं. कोर्टात शपथ घ्यायला नकार दिला, त्यापायी तुरुंगात गेले. दुकानातही ते घासाघीस न करता एकच भाव सांगत, कारण आधी जास्त सांगून मग कमी करायचं म्हणजे पहिला आकडा खोटाच की! आपल्याकडेही १९६९च्या शपथ कायद्यात देवाची शपथ नको असेल तर प्रतिज्ञेवर सांगायची सोय आहे. सिनेमात ती दाखवत नाहीत एवढंच.

मराठीत तर याहून सुंदर सोय आहे. 'शब्द' म्हणजे वर्डही आणि वचनही. शब्द देतात, पाळतात, फिरवतात, शब्दाखातर जीवही टाकतात. आणि मराठी बायबलात योहान येशूलाच 'शब्द' म्हणतो. इंग्रजीत ही गंमत मला तितकी लागत नाही. मराठीत वाचलं की देवाने दिलेलं वचन आणि येशू हे एकच होऊन जातं.

शब्दाखातर काय होऊ शकतं याचं उदाहरण मराठी ख्रिस्ती माणसाला लांब शोधावं लागत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. काव्याच्या, धर्माच्या गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नवा करार हातात ठेवला आणि म्हणाले की हे वाचलंत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत काही पटलं नाही, पण वाचीन असं कबूल करून बसले. पुढे पुस्तकाची गोडी नव्हती तरी वाचायला घेतलं ते केवळ शब्द दिला म्हणून. वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. रेल्वेत परक्या माणसाला दिलेला शब्द! आपण असता तर? "हो हो, नक्की वाचतो," आणि पुस्तक माळ्यावर.

पण ही गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी होईल. लक्ष्मीबाई टिळकांपर्यंत या बाप्तिस्म्याची बातमी पोहोचली ती तो झाल्यावर. त्यांची काय अवस्था झाली आणि मग काही वर्षं नवरा-बायको कसे वेगळे राहिले, हे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतःच लिहिलंय. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि टिळकांवरचं त्यांचं प्रेम पानोपानी दिसतं. तरी वाचताना मला टोचतं ते हे की, परक्याला दिलेल्या शब्दाला इतका जागणारा माणूस घरातल्या माणसाशी वेळेवर बोलला नाही. वचन पाळणं आणि ते कुणाकुणाला लागू होतं याचं भान ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं उदाहरण याहून अवघड आहे. पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण चर्चने सांगितलेल्या ज्या गोष्टी पटत नव्हत्या त्यांना त्यांनी तिथेही हो म्हटलं नाही. ज्यांच्या आश्रयाला राहत होत्या त्यांनाच पत्रं लिहून वाद घातला. मग १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदतीची हमी दिली होती. धोरण असं की इथे कुठल्याच धर्माचा प्रचार होणार नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली.

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बातमी फुटली, 'केसरी'त टीका झाली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं. बऱ्याच पालकांनी मुली नेल्या. विरोधकांचं म्हणणं, बाईंनी शब्द मोडला. बाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही आणि येणाऱ्याला हाकलणारही नाही, स्वातंत्र्य म्हणजे दोन्हीकडचं स्वातंत्र्य.

ख्रिस्ती म्हणून माझं मन रमाबाईंच्या बाजूला धावतं. स्वतःची श्रद्धा दार लावून लपवणं हेही एक प्रकारचं खोटंच झालं असतं. पण ज्या बापाने समाजाच्या शिव्या खाऊन विधवा मुलीला तिथे पाठवलं, त्याने 'धर्मात ढवळाढवळ नाही' याचा जो अर्थ घेतला होता तोही खोटा नव्हता. मला यात लबाडी कुणाचीच दिसत नाही. दिसतो तो एक शब्द आणि त्याचे दोन अर्थ. आमच्याकडे याला रिक्वायरमेंट गॅप म्हणतात! डॉक्युमेंटवर दोघांच्या सह्या असतात, दोघं प्रामाणिक असतात, आणि डिलिव्हरीच्या दिवशी दोघांनाही फसवल्यासारखं वाटतं. पुढे ती दहा वर्षं संपल्यावर, १८९८ पासून, रमाबाईंनी केडगावचं मुक्ती मिशन उघडउघड ख्रिस्ती संस्था म्हणून चालवलं. तिथे येणाऱ्याला आपण कुठे येतोय हे आधीच ठाऊक होतं. मला वाटतं, शब्द पाळायला तीच जास्त स्वच्छ जागा.

या दोन गोष्टींतून मला कळलं ते इतकंच की शब्द पाळण्याचं काम तो देण्याआधीच सुरू होतं. आपण काय बोललो एवढ्यापुरती आपली जबाबदारी नाही. समोरच्याने काय ऐकलं, तिथपर्यंत ती जाते. 'ट्राय करतो' म्हणताना मला ठाऊक असतं की तो 'करतो' एवढंच ऐकणार आहे. व्याकरणाने मी सुटतो, देवापुढे नाही. स्तोत्रसंहितेच्या पंधराव्या स्तोत्रात, स्वतःचं नुकसान झालं तरी दिलेला शब्द न बदलणारा माणूस वर्णिलाय. नुकसान आधीच हिशेबात धरलेलं आहे. नुकसान नको असेल तर वेळ आहे ती आधी 'नाही' म्हणायची.

म्हणून हल्ली मी तारीख विचारली की खरी सांगतो, मग ती ऐकायला कितीही वाईट वाटो. परवाच एका रिलीज कॉलवर क्लायंटने विचारलं, लोड टेस्टिंग झालंय का? प्रश्न मला नव्हता, सगळ्यांना होता. चार सेकंद शांतता. मी म्हणालो, नाही, फंक्शनल झालंय, लोड नाही. रिलीज एक आठवडा पुढे गेलं. कॉल संपल्यावर टीममध्ये कुणी माझं कौतुक वगैरे केलं नाही, शनिवारी सगळ्यांना यावं लागलं म्हणून दोघं जण अजून नीट बोलत नाहीत. :)

तर ख्रिस्ती असण्याने फरक काय पडतो? मी इतरांपेक्षा जास्त खरा होतो असं अजिबात नाही. फरक एवढाच की माझ्यासाठी ऑफ द रेकॉर्ड असं काही उरत नाही. आजी म्हणायची चार लोक बघत्यात. प्रोफाइलमधला आकडा बघायला चार लोक कुठे असतात? तिथे मी आणि ज्याने मला शब्द दिला तो, एवढेच दोघे असतो. त्याने दिलेला शब्द माझ्या रेटिंगवर अवलंबून नव्हता. मग माझा तरी प्रोजेक्ट मिळण्यावर का असावा?

आता सोन्याचा टंच मशीन सेकंदात सांगतं. २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालंय. चांगलंच आहे ते. माणसाच्या 'हो'वर मात्र अजून कुणी शिक्का मारून देत नाही. तो ज्याचा त्यालाच कसाला लावून घ्यावा लागतो, आणि तोही सोमवारी सकाळच्या स्टेटस मीटिंगमध्ये.