मान डोलावू नकोस, दादा

वर्धा, 12 जुलै

ती. दादास,

काल वहिनींचा फोन आला आणि रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. एवढे पैसे मोजून आणलेली कानाची यंत्रं तू डबीत घातलीस आणि डबी कपाटात पासबुकांशेजारी ठेवून दिलीस म्हणे. वर म्हणालास, ‘भांडी वाजलेली ऐकायला पैसे देले काय बाप्पा?’ मी हसले. पण मग त्यांनी गोळीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले सकाळी अर्धी, तू ‘हो हो’ म्हणून मान डोलावलीस आणि घरी येऊन अख्खी घ्यायला लागलास. रक्तदाबाची गोळी, दादा! वहिनींनी चिठ्ठी वाचली नसती तर?

तुझ्या बहिरेपणाची मला धास्ती नाही, त्या ‘हो हो’ची आहे. आपल्या नानांचंही असंच झालं होतं, ते तुला मी काय सांगू. समोरचा काय म्हणतोय ते अर्धंच कळलं होतं, पुन्हा विचारायला लाज वाटली आणि कागदावर सही करून मोकळे झाले. जाऊ दे, तो विषय काढला की माझंही बीपी वाढतं.

तू विचारलंस (तेही वहिनींमार्फत), यंत्र परत करावं काय? नाही करायचं. तुझ्या ऑडिओग्रामचा फोटो मी मागवून घेतला. 4000 हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात गेलीय. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या कानाची ही ओळखीची खूण. वीज केंद्राच्या टर्बाइन फ्लोअरवर शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं, हे तूच सांगायचास, आणि इअर मफ मात्र गळ्यात अडकवून हिंडायचास. आता कोराडीतले जुने 120 मेगावॅटचे संच बंद झाले, 660चे तीन उभे राहिले, तू पेन्शनीत निघालास. कानातल्या शंखाच्या ज्या बारीक पेशी तेव्हा गेल्या, त्या काही परत यायच्या नाहीत. तुझ्या नोकरीच्या काळातल्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा बहिरेपणा सिलिकोसिसच्या रांगेत होता आणि तू जगाला सांगत फिरतोस, ‘वय झालं.’

म्हणून तुला ‘ऐकू येतं पण कळत नाही.’ स, श, फ यांचा बारीक आवाज वरच्या पट्टीत असतो आणि तुझी तीच पट्टी गेली. साठ, पाठ, काठ तुला एकच. म्हणून घरातले ओरडतात तेव्हा नुसता गोंगाट वाढतो, शब्द उलगडत नाही. यंत्र नेमकी ती पट्टी उचलून देतं. भांडी, पेपरची फडफड, नळाची धार, सगळं त्याच पट्टीतलं. इतक्या वर्षांनी ते एकदम मेंदूपुढं आलं की तो बावरणारच. कोणता आवाज सोडून द्यायचा हे त्याला पुन्हा शिकायला काही आठवडे लागतात, काहींना महिने. तू दोन दिवसांत डबी बंद केलीस.

रोज लाव. पहिल्या आठवड्यात घरातच, पंखा हळू करून, वहिनींशी एकट्यानं बोल. मग वेळ वाढवत दिवसभरावर ने. पेपर मोठ्यानं वाच, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकव. टीव्हीवर बातम्या लागल्या की पडद्यावरच्या खालच्या ओळी वाचत ऐक. बाजार, पंगत, लग्न हे सगळ्यात शेवटी. दोन यंत्रं दिलीत तर दोन्ही घाल, एक ‘वाचवून’ ठेवू नकोस. कुठल्या बाजूनं हाक आली ते दोन्ही कान मिळून ठरवतात. आणि तू अजून राखेचे ट्रक चालतात त्या रस्त्यानं स्कूटरवर जातोस. तुला कोण अडवणार! निदान मागचा हॉर्न ऐकून घे.

बसायचं कुठं तेही बघ. भिंतीला पाठ, गोंगाट पाठीमागं, बोलणारा समोर आणि उजेड त्याच्या तोंडावर. फोन नेहमीसारखा कानाच्या भोकाशी धरू नकोस, कानामागं यंत्राचा माइक आहे तिथं धर. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला जाशील तेव्हा स्पीकरच्या खांबापासून लांब उभा राहा. डोकं मडक्यात घातल्यासारखा स्वतःचा आवाज घुमतो म्हणालास ना, ते सहन करत बसायचं नसतं. कानात बसणारा रबराचा डोम बदलून, नाहीतर सेटिंग करून तो त्रास बराच कमी होतो. शिट्टी वाजली की आधी डोम नीट बसलाय का बघ, मग कानात मळ आहे का. आणि कोमट खोबरेल घालायचं बंद! आईनं घातलं, आजीनं घातलं, ठीक होतं, त्यांच्या कानात यंत्र नव्हतं.

हे सगळं दुकानातल्या त्या पोरानं सांगायला हवं होतं. त्यानं ‘सवय होईल काका’ म्हणून पावती फाडली. यंत्र विकणारा आणि कान तपासणारा यांत फरक असतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडं जा. त्याआधी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या ओपीडीत मळ काढून घे. ऑडिओलॉजिस्टला विचार, कानात बारीक नळी घालून यंत्राचा आवाज मोजून देता का? आणि एका वहीत लिहून ने: कुठं कळलं नाही, कोण बोलत होतं, काय टोचलं. ‘बरं नाही वाटत’ एवढंच म्हणालास तर तो बिचारा काय बदलणार.

आपल्याकडची हवा यंत्राचा जीव घेते. आता पावसाळा आहे, रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत टाक. उन्हाळ्यात तू डोक्याला दुपट्टा गुंडाळतोस, तो यंत्र कानावरून उचलतो, खरखरही करतो, घामानं भिजवतो ते वेगळंच. घरी आलास की पुसून ठेव. तुझी बॅटरी नारिंगी स्टिकरची, म्हणजे 13 नंबरची. ती हवेवर चालते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडी ठेव, मग घाल. स्टिकर परत चिकटवून ती वाचत नाही. जुनी बॅटरी मात्र लगेच नातवाच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. त्या वयात पोरं सगळं तोंडात घालतात आणि बटण बॅटरी गिळली तर आतून भाजतं. हे वहिनींनाही सांग. नको, मीच सांगते.

तुझ्या सकाळच्या टोळीतही कानाला हात लावून ऐकणारे बरेच आहेत. त्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेचं सांग. 65 पूर्ण, घरचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, तर खात्यात 3000 रुपये जमा होतात आणि यादीत श्रवणयंत्रही आहे. त्या पैशांत साधंच यंत्र येईल, पण सुरुवात होते.

आता जे बोलायचं टाळत होते ते. आईची आठवण शेवटी कशी सुटत गेली ते आपण दोघांनी पाहिलं. श्रवणयंत्रानं बुद्धीची घसरण मंदावते का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ नावाच्या अभ्यासाचा निष्कर्ष 2023 मध्ये आला. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाची हजारेक माणसं, तीन वर्षं. सगळी मिळून पाहिली तर यंत्रामुळं त्या घसरणीत काही फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. तू कोणत्या गटात बसतोस ते मला माहीत नाही, पण रक्तदाब आहे, आई आहे. मी तुझ्याबाबतीत वाट बघत बसणार नाही.

आणि यंत्र कितीही चांगलं असलं तरी काही शब्द सुटणारच. तेव्हा ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं. डॉक्टरला म्हणायचं, बँकेतल्या मुलीला म्हणायचं, सुनेला म्हणायचं. तीन पाळ्यांत वीज काढलेला माणूस ‘ऐकू आलं नाही’ म्हणायला का लाजतो? पोरांसमोर कमीपणा वाटतो म्हणालास. अरे, पोरांनी तर तुला विचारणंच सोडलंय, कारण तू कशालाही हो म्हणतोस. पुण्याच्या फ्लॅटचं ठरलं तेव्हाही तू मान डोलावत होतास आणि नंतर आठवडाभर वहिनींवर चिडलास.

मंगळवारी ऑडिओलॉजिस्टकडं जा. सोबत ऑडिओग्रामचा कागद, वही आणि वहिनी. आणि पुढं डॉक्टरांकडं गेलास की त्यांनी सांगितलेली गोळी त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणून दाखव आणि मगच उठ.

तुझी,
शकू