उतारूंची गाडी

पेरू देशात लिमा शहरातून निघून अँडीज पर्वताच्या माथ्यावर चढणारा एक लोहमार्ग आहे. एर्नेस्तो मालिनोव्स्की नावाच्या पोलिश अभियंत्याने आखलेला आणि हेन्री मेग्ज या अमेरिकन मक्तेदाराने १८७० साली बांधावयास घेतलेला हा मार्ग जेव्हा गालेराच्या बोगद्यात शिरतो, तेव्हा समुद्र साडेपंधरा हजार फूट खाली राहिलेला असतो, आणि तेथल्या विरळ हवेत कासावीस होणाऱ्या उतारूंना प्राणवायू देण्यासाठी गाडीत परिचारक ठेवावा लागे. पण हा भगीरथ खटाटोप उतारूंसाठी मुळी झालाच नव्हता. डोंगरापलीकडच्या खाणींतली चांदी आणि तांबे बंदरावर आणावयाचे होते, माणसे काय, वाटेत चढली. आजही खनिजाच्या वाघिणी त्या रुळांवरून जातात. माणसांची गाडी मात्र विरळाच झाली आहे.

आमच्या पुणे–मिरज पॅसेंजरचा मार्गही कोणी आमच्या हौसेसाठी घातला नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात दक्षिणेतली रयत अन्नान्न करीत असता, जेथे धान्य होते तेथून ते नव्हते तेथे पोचविण्याचे साधनच नाही हे सरकारच्या ध्यानी आले, दप्तरी कागद हलले, आणि त्यांतून १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघून पुढच्या सात-आठ वर्षांत नीरा आणि कृष्णा या दोन नद्यांच्या खोऱ्यांना जोडणारे मीटर गेजचे रूळ या मुलखात पडले. धान्याच्या पोत्यांनी आम्हाला जागा करून दिली म्हणावयाचे.

या मार्गाचे खरे वैभव लोणंद सोडल्यावर सुरू होते. सालप्याहून आदरकीकडे चढताना महादेवाच्या डोंगरांची रांग गाडीची वाट अडवून उभी राहते, आणि ज्याने एक्स्प्रेसच्या थंड डब्यात पडदे ओढून हा घाट झोपेत काढला त्याने तो पाहिला असे मी मानीत नाही. कारण घाट पाहावयाचा तर तो पॅसेंजरच्या लाकडी फळीवर बसून, वळणावर आपलेच इंजिन आपल्याला सामोरे येताना, करवंदीच्या जाळ्या हाताला लागतील इतक्या जवळून सरकताना, आणि कातळातून झिरपणारे श्रावणातले पाणी खिडकीतून आत शिंतडताना पाहिला पाहिजे. एकेरी मार्गाच्या काळात पॅसेंजर बिचारी लग्नघरातल्या गरीब नातलगासारखी प्रत्येक ठिकाणी बाजूच्या रुळावर उभी राही, आणि मेल निघून जाईपर्यंत उतारू खाली उतरून बिड्या ओढीत. स्टेशनातला पोर्टर वेताचे मोठे कडे उंच धरून फलाटाच्या टोकाशी उभा असे. त्या कड्याला कातडी पिशवी, आणि पिशवीत तो लोखंडी गोळा, ज्याच्यावाचून पुढच्या स्टेशनाकडे जाण्याचा अधिकार कोणत्याही ड्रायव्हरला नसे. आगवाला इंजिनातून अर्धा बाहेर झुकून ते कडे दंडात अलगद अडकवून घेई, आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने आधीचे कडे खाली टाकी. हे लाघव कितीदाही पाहिले तरी डोळे निवत नसत.

आणखी एक गोष्ट या मार्गाची खासच. छत्रपतींच्या गादीच्या साताऱ्याला त्याने बगल दिली; जरंड्याच्या पायथ्याजवळ ‘सातारा रोड’ नावाचे स्टेशन बसवून शहराची बोळवण केली. महाबळेश्वरास निघालेले साहेबलोक वाठारास उतरून टांग्याने वाईमार्गे जात. कराडचे स्टेशनही कराडपासून दूर. प्रतिष्ठितांचा हा असा अनादर झाला खरा, परंतु ज्या उजाड माळांवर ही स्टेशने पडली त्यांचे मात्र भाग्य उजळले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची निवडुंगाने भरलेली जमीन लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली, आणि १९१० साली तेथे कारखाना उभा राहून स्टेशनाचेच नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. कराड स्टेशनापाशी ओगल्यांची काच आणि त्यांचा प्रभाकर कंदील. सातारा रोडला कूपरांचे नांगर. इंग्रजी अंमलातून संस्थानी अंमलात आणि तेथून पुन्हा इंग्रजीत जाणारी ही गाडी हद्दी ओलांडीत होती, पण तिच्या डब्यातल्या शेतकऱ्याला त्याची दाद नव्हती. त्याला भिलवडीला उतरून औदुंबरी दत्तदर्शन घ्यावयाचे असे. शेणोलीच्या माणसांना मात्र सरकार कोणाचे हे पक्के ठाऊक होते. ७ जून १९४३ रोजी तेथे रुळांवर धोंडे रचून प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रेल्वेच्या पगाराचा खजिना घेऊन जाणारी गाडी अडविली आणि तो लुटला. ज्या रुळांनी साम्राज्याचा पैसा वाहिला, तेच रूळ त्या दिवशी लोकांच्या बाजूने साक्षीला राहिले.

मिरजेत सगळे मार्ग एकत्र येतात. कॅलथ्रॉप साहेबाच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९२७ साली येथवर पोचली, आणि १९७१ च्या आगेमागे पुण्याकडचा मार्ग रुंद झाल्यावर तर तिन्ही मापांचे रूळ या एका जंक्शनात नांदू लागले. आषाढीच्या दिवसांत दक्षिणेकडून आलेला वारकरी टाळ-पताका सांभाळीत मीटर गेजवरून उतरे आणि पंढरीच्या त्या चिमुकल्या गाडीत, आत नाही तर टपावर, चढे; तिकिटाचा प्रश्न बहुधा विठ्ठलावर सोपविलेला असे. आता सर्वत्र रुंद रूळ आहेत, तारांवर विजेची इंजिने धावतात, आणि कड्याची कसरत संपली.

महामारीच्या काळात सरकारने पॅसेंजरला एक्स्प्रेसचे नाव दिले आणि दहा रुपयांचे किमान भाडे तीस केले. गाडी पूर्वीइतकीच सावकाश धावत होती, थांबे तेच होते, फक्त भाजीची पाटी घेऊन मसूरला चढणाऱ्या बाईच्या कनवटीतून वीस रुपये अधिक जात होते. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा दहा झाले. पेरूतल्या प्रवाशाला एवढीदेखील हुज्जत घालावयाची सोय उरलेली नाही. आमच्याकडे गाडी अजून येते, उशिरा का होईना, आणि तिच्या उशिराबद्दल भांडावयास फलाटावर माणसे अजून उभी असतात.