भिंतीपलीकडे कोणी वाचतंय

कोणीतरी मोठ्यानं वाचत असतं आणि आपण शेजारच्या खोलीत असतो. दार लोटलेलं, पण कडी घातलेली नसते. शब्द आपल्यापर्यंत येईतो त्यांच्या कडा झिजलेल्या असतात, अर्थ वाटेत कुठे सांडून गेलेला असतो, आणि हाती उरते ती नुसती चाल; वर चढणारा, टोकाशी जरासा थबकणारा आणि मग बेताबेतानं खाली उतरणारा एक आवाज. त्याला आपल्याकडून काही नको असतं. आपण ऐकतोय हेही त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच की काय, तो इतका आत जातो.

हा आवाज मला पहिल्यांदा भेटला तो वाईला, आजोळी. चातुर्मासात आजोबा दिवेलागणीनंतर माजघरात पांडवप्रताप वाचायला बसत. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाती वळत असे आणि मी तिच्या मांडीला टेकून. ओवीच्या शेवटच्या चरणाशी आजोबांचा आवाज खाली यायचा आणि आजीच्या तळव्यातली वातही तेवढ्यातच पुरी व्हायची. ती मुद्दाम तसं करत असे असं मला वाटत नाही, हातांनीच ती लय उचलली होती. श्रीधराची मराठी त्या वयात कितीशी कळणार! पण कर्णाच्या रथाचं चाक रुतलं की मला बरोबर कळायचं, कारण आजोबांचा आवाज रुतायचा.

पुढे शिक्षण, लग्न, मग सातासमुद्रापलीकडचा संसार. या सगळ्या धावपळीत तो आवाज कधी नाहीसा झाला ते उमगलंही नाही. तो पुन्हा कानावर आला न्यू जर्सीतल्या युनियन सिटीत, बर्गनलाइन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका जुन्या इमारतीत, परक्या बाईंच्या स्वयंपाकघरात मी लेकीची वाट पाहत बसले होते तेव्हा.

लेकीनं शाळेच्या शेवटच्या वर्षाला स्पॅनिश साहित्याचा एपी, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय, घेतला होता. भाषेचा एपी आदल्या वर्षी झाला होता, तोही चांगला. त्यासाठी कोणाची मदत लागली नव्हती. पण साहित्य हे प्रकरण निराळं. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डानं नेमलेल्या 38 कृती, चौदाव्या शतकापासून परवापरवापर्यंतच्या; स्पेनमधल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या. सेरव्हान्तेसच्या 'डॉन किहोते'तले निवडक अध्याय, गोंगोरा आणि केवेदोची सुनीतं, लोर्काचं नाटक, बोर्हेस, कोर्तासार, मार्केस. मे महिन्यात तीन तासांचा पेपर: आधी 65 वस्तुनिष्ठ प्रश्न, त्यांतले काही कानांनी ऐकून सोडवायचे, आणि मग 100 मिनिटांत चार लेखी उत्तरं. त्यांतल्या एकात तर साहित्यातला उतारा आणि एक चित्र शेजारी ठेवलेलं असतं आणि दोघांचं नातं सांगायचं असतं. मला त्या प्रश्नाचा मनापासून हेवा वाटला. आमच्या वेळी संदर्भासह स्पष्टीकरण असायचं, आणि तेही गाइडमधून पाठ केलेलं.

ट्यूटर शोधायला बसले तेव्हा ध्यानात आलं की भाषेच्या पेपरासाठी माणसं रग्गड आहेत आणि साहित्यासाठी शोधूनही सापडत नाहीत. भाषेला मुलं पुष्कळ बसतात, साहित्याला त्या मानानं फार थोडी. त्यांतही बऱ्याच मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. आमच्या घरात मराठी, आणि तीही आता इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालणारी. कोणी पडद्यावरून भेटलं, हसतमुख, चुणचुणीत. पाचपैकी पाच कसे मिळवायचे याचा तक्ता दाखवला आणि कवितेचं नाव निघताच तिची अलंकारयादी पुढे केली. विद्यापीठात संशोधन करणारा एक तरुण भेटला, विद्वान होता, पण त्याच्या बोलण्यात पुस्तकांपेक्षा पुस्तकांवरची पुस्तकं जास्त. ओळखीतल्या एक कोलंबियन बाई इतकं गोड बोलत की ऐकत राहावं, पण गोंगोरा म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. सगळी भली माणसं. तरी प्रत्येक वेळी फोन ठेवताना माझं मन नाही म्हणत होतं आणि का म्हणत होतं ते लेकीला समजावून सांगता येत नव्हतं. 'आई, तुला नक्की काय हवंय?' ती वैतागून विचारायची. स्पॅनिशचं अक्षर न कळणाऱ्या आईनं स्पॅनिशच्या शिकवणीबद्दल इतकं चोखंदळ का व्हावं, हा तिचा प्रश्न रास्तच होता.

सेन्योरांचं, म्हणजे स्पॅनिशच्या या बाईंचं, नाव एका निवृत्त ग्रंथपालांनी सुचवलं. शाळेत अख्खा जन्म शिकवण्यात गेलेला, आता घरीच, फार थोड्या मुलांना घेतात, पडद्यावरून शिकवत नाहीत, मुलानं घरी यायचं. एडिसनहून टर्नपाइकनं जायचं म्हणजे शनिवारची अर्धी सकाळ त्यातच. गेलो. 1959 च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेल्या पुष्कळांनी आपलं केलेलं हे गाव, हडसनकाठचं हवाना म्हणतात त्याला. सेन्योरा लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या. पांढरे केस घट्ट मागे बांधलेले, कानांत बारीक मोती. मी दराचं विचारलं, परीक्षेचं विचारलं. त्यांनी नीट उत्तरं दिली, मला छोट्या कपात काळीभोर गोड कॉफी दिली, स्वयंपाकघरात बसवलं, आणि लेकीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं.

आणि वाचायला सुरुवात केली.

प्रश्नोत्तरं नाहीत, चाचणी नाही, 'तुला काय काय येतं' नाही. नुसतं वाचन. खालून बर्गनलाइनवरच्या गाड्यांचा गलका येत होता, शेगडीवर काहीतरी रटरटत होतं, आणि या सगळ्यावरून एक वयस्क, जरा घोगरा, बिनघाईचा आवाज चालला होता. उंच जाऊन थबकत होता. खाली उतरत होता. माझी कॉफी समोर तशीच राहिली. एक शब्द कळत नव्हता मला. एकही नाही. पण माझे तळवे आपोआप एकमेकांवर फिरू लागले होते.

पुढे कधीतरी सेन्योरांनी कारण सांगितलं. त्यांचे आजोबा हवानातल्या सिगारच्या कारखान्यात होते. तिथे 1865 च्या सुमारास एक रीत पडली: दिवसभर तंबाखूची पानं वळणाऱ्या कामगारांना एक माणूस उंच आसनावर बसून वाचून दाखवी. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. कोणतं पुस्तक घ्यायचं ते कामगार ठरवत आणि वाचणाऱ्याचा पगारही तेच आपल्या मजुरीतून देत. आवडलं की पानं कापायची पाती टेबलावर ठोकून दाद देत. आजोबांना सही करण्यापलीकडे लिहिता येत नव्हतं, पण किहोते आणि ह्यूगो त्यांना तोंडपाठ होते, असं सेन्योरा म्हणाल्या आणि टेबलावर चमच्यानं टकटक करून दाखवली. तसाच तो आवाज, म्हणाल्या.

काय सांगू त्यांना? माझ्या आजीलाही सहीच येत होती.

शनिवारमागून शनिवार जात राहिले. परतीच्या वाटेवर, टर्नपाइकच्या राखाडी उजेडात, लेक मला गोष्टी सांगायची आणि मी गाडी चालवायची. त्या वर्षात तिच्याशी जेवढं बोलणं झालं तेवढं एरवीच्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं, कारण आता आमच्यामध्ये तिसरंच कोणीतरी बसलेलं असे. कधी सतराव्या शतकातली मेक्सिकोची जोगीण, सोर हुआना. बायकांना आधी नादी लावून मग त्यांनाच नावं ठेवणाऱ्या पुरुषांना तिनं कवितेत उभं सोलून काढलेलं. मला आपल्या शिऊरच्या बहिणाबाई आठवल्या, त्याच शतकातल्या, नवऱ्याचा मार सोसत अभंग रचणाऱ्या. मी सांगितलं, तर लेक थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, 'या दोघींना एकमेकींचा पत्ताच नव्हता गं.' कधी लोर्काची बेर्नार्दा, पाच मुलींना घरात कोंडून ठेवणारी. 'रुक्मावती की हवेली' हा चित्रपट मी केव्हाच पाहिलेला, पण तो याच नाटकावरून घेतला होता हे त्या दिवशी जोडलं गेलं. सेन्योरा ते नाटक वाचताना बेर्नार्दाच्या काठीच्या जागी स्वतःची काठी जमिनीवर आपटत. स्वयंपाकघरात मी दर वेळी दचकायची.

एकदा लेक हसतच बाहेर आली. डॉन हुआन मानुएलचं 'कोंदे लुकानोर', 1335 सालचं. त्यातली एकच कथा परीक्षेला, पण सेन्योरा एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या, त्यांनी त्यातलीच आणखी एक वाचून दाखवली होती. एक बाई डोक्यावर मधाचं मडकं घेऊन बाजाराला निघते. मध विकून अंडी, अंड्यांतून कोंबड्या, मग मेंढ्या, मग श्रीमंती, सुना-जावई. या खुशीत हसत कपाळावर हात मारते आणि मडकं खाली. 'हे आपलं शेखमहंमदी मनोराज्यच की!' मी म्हणाले. आणि ते खरोखरच आपलं होतं. पंचतंत्रातल्या त्या ब्राह्मणाचं सातूच्या पिठाचं मडकं पहलवीत गेलं, तिथून अरबीत, आणि 1251 मध्ये अरबीतून कास्तीलच्या भाषेत उतरलं; मधेच कुठेतरी त्याला मधाचा वास आला. किती तोंडांनी ते वाचलं असेल वाटेत. किती लोटलेल्या दारांआड.

पण मला सगळ्यांत आठवतो तो रुल्फोचा शनिवार. हुआन रुल्फो, मेक्सिकोचा, आयुष्यात अगदी थोडं लिहिलेला माणूस; 1953 च्या त्याच्या कथासंग्रहातली ही चिमुकली कथा. चांदण्या रात्री एक म्हातारा बाप जखमी मुलाला खांद्यावर घेऊन माळरानातून चालला आहे. मुलगा वाया गेलेला, दरोडेखोर. पलीकडच्या गावात डॉक्टर आहे म्हणतात. मुलाच्या हातांनी बापाचं डोकं धरलेलं, त्यामुळे बापाला ना धड दिसत, ना ऐकू येत. तो पुन्हा पुन्हा विचारतो की कुत्री भुंकताना ऐकू येतात का, गाव जवळ आलं का. मुलगा नाही म्हणतो. मग काहीच म्हणत नाही. बाप चालत राहतो, शिव्या घालत राहतो, हे मी तुझ्या मेलेल्या आईसाठी करतोय म्हणतो.

हे सगळं मला गाडीत कळलं. स्वयंपाकघरात मला फक्त एवढं ऐकू आलं की सेन्योरांचा आवाज जड झाला आहे, पाय ओढतो आहे, दर चार ओळींनी थांबून काहीतरी विचारतो आहे आणि उत्तराची वाट बघतो आहे. मग तो एकदम थांबला. आतून कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मी उठून दाराशी गेले, हात दारावर ठेवला, आणि तशीच परत आले. तिथे माझं काम नव्हतं.

'शेवटी गाव येतं,' लेक गाडीत म्हणाली. 'बाप मुलाची बोटं सोडवतो आणि त्याला चहूकडून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं.'

'आणि मुलगा? गेला?'

'सेन्योरांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, परीक्षेत दोन्ही लिहिता येतं, फक्त ज्या वाक्यावर उभी राहशील ते वाक्य दाखव.'

यावर मला आजही काही सुचत नाही. मूल मोठं झालं की आपण त्याला वाहत असतो की तेच आपले कान होऊन बसलेलं असतं, कोण जाणे. त्या वर्षी मात्र तिला जे ऐकू येत होतं ते मला येत नव्हतं, आणि ती न विचारताही सांगत होती. आणखी काय हवं असतं?

परीक्षा मेमध्ये झाली, निकाल जुलैत आला, चांगला आला. सेन्योरांकडे आम्ही पेढे घेऊन गेलो. लेक आता कॉलेजात आहे, तिथे ती भलतंच काही शिकते, स्पॅनिश नाही. सेन्योरांनी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे नवी मुलं घेणं थांबवलं आहे.

तुमच्या घरातलं कोणी पुढच्या मेमध्ये या पेपराला बसणार असेल आणि तुम्ही ट्यूटर शोधत असाल, तर दर, वेळ, मागच्या मुलांचे गुण हे सगळं विचारा; पण त्याआधी फोनवर त्यांना एक पान वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला स्पॅनिश येत नसली तरी चालेल. मला येत नव्हती.